‘जरा उठून चाला’ : एका उपदेशपर वाङ्मयप्रकाराविषयी

मराठीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवा वाङ्मयप्रकार चांगलाच रुजला आहे आणि आपल्या समीक्षेने त्याची अद्याप दखल घेतलेली नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांच्या आरोग्यविषयक पानांवर, कार्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि अलीकडे सकाळच्या ‘सुप्रभात’ संदेशांच्या शेपटाला तो हमखास आढळतो. त्याचे शीर्षक बहुधा प्रश्नार्थक असते : तुमचे काम बैठे आहे का? पुढचा मजकूर आपल्याला तोंडपाठ आहे. दर अर्ध्या तासाने उठा, पाणी प्यायला स्वतः जा, लिफ्ट टाळा, फोनवर बोलताना येरझाऱ्या घाला, खुर्चीतल्या खुर्चीत मान फिरवा, टाचा उचला. शेवटी एखादे सुभाषित.

हा मजकूर वैद्यकाचा आहे, साहित्याच्या प्राध्यापकाने त्यात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. पण मजकूर कोणाचाही असो, तो भाषेत लिहिलेला आहे आणि भाषेत लिहिलेले वाचण्याचाच आपल्याला पगार मिळतो. तेव्हा वाचून पाहू. या प्रकारात क्रियापद नेहमी आज्ञार्थी असते. कर्ता ‘तुम्ही’ असतो, पण हा ‘तुम्ही’ मोठा विलक्षण प्राणी आहे. त्याला साहेब नाही, हजेरीपट नाही, कामाचा कोटा नाही. तो बदलापूरहून फोर्टात येत नाही. तो स्त्री असेल तर तिच्यामागे सकाळचा डबा नाही. त्याच्या कार्यालयाला जिना आहे, जिन्यात उजेड आहे, बाहेर पदपथ आहे आणि पदपथावर चालण्यापुरती जागाही आहे. या माणसाला उठून चालण्यापासून अडवणारी गोष्ट जगात एकच उरते : त्याचा आळस. म्हणजे ज्या प्रश्नाचा एक पाय कामगारकायद्यात आणि दुसरा नगररचनेत आहे, तो या मजकुरात नीतिपाठ होऊन जातो. माझा आक्षेप आहे तो या रूपांतराला. त्यातल्या वैद्यकाला नाही.

वैद्यक खोटे नाही हे आधीच मान्य केलेले बरे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५३ सालचा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास या विषयाचा आद्यग्रंथ समजला जातो. लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांची ही पाहणी. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो. वाहक खालीवर करत शेकडो पायऱ्या चढतो. एकच बस, एकच रस्ता, जवळपास एकाच थरातली माणसे. पण हृदयविकाराचे प्रमाण चालकांत जास्त आणि वाहकांत कमी, शिवाय वाहकांतला विकार तुलनेने सौम्य. टपालखात्यातही हाच फरक दिसला. चालत किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूला, कारकून आणि टेलिफोनवर बसणारे दुसऱ्या बाजूला. मुंबईच्या दुमजली बशीत ज्यांनी ‘बेस्ट’च्या वाहकाला वरच्या मजल्यावर तिकिटे फाडत जाताना पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट पटवून द्यावी लागणार नाही. (त्या जुन्या डिझेलच्या दुमजली बशी सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या.)

मला मात्र मॉरिस यांचा दुसरा लेख अधिक आवडतो. तो १९५६ सालचा, आणि त्याचा विषय आहे गणवेश. चालकांना आणि वाहकांना कपडे शिवून देण्यासाठी घेतलेली मापे कंपनीच्या दप्तरात होती. ती तपासली तर असे निघाले, की चालकाची कंबर तरुण वयापासूनच वाहकापेक्षा मोठी आहे. म्हणजे खुर्चीने माणूस घडवला, की आधीच तसा असलेला माणूस त्या खुर्चीकडे गेला? ज्याने स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला असा प्रश्न विचारला, तो माणूस वाचक म्हणूनही मोठा होता. शिंप्याच्या वहीत त्याला पाठभेद सापडला! आपल्या आरोग्यपानांवर या दुसऱ्या लेखाचा उल्लेख मी कधी पाहिलेला नाही. उपदेशाला शंका परवडत नाही.

पुढच्या संशोधनाने बसण्याचा आणि आजाराचा संबंध एकंदरीने पक्काच केला. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून जे विवेचन आले, त्याचे सार असे : दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्याने वाढलेला मृत्यूचा धोका रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जवळजवळ नाहीसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची. पंचाहत्तर मिनिटे! लोकलमध्ये जाऊनयेऊन तीन तास उभ्याने घालवणाऱ्या माणसापुढे हा आकडा ठेवताना लेखकाच्या मनात निदान एखादा अर्धविराम उमटायला हवा. तोही उमटत नाही. दहा हजार पावलांच्या आकड्याची तर गंमतच आहे. तो कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातच तो होता. जाहिरातीच्या मजकुराला शास्त्राचा दर्जा कसा मिळतो, याचे इतके सुबक उदाहरण वर्गात शिकवायला दुसरे मिळणार नाही.

बसण्याचा विकार मुळात इतका नवाही नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांवर वेगळे प्रकरण घातले. लेखनिकाच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली. एक, सततचे बसणे. दोन, हाताची एकाच दिशेने चाललेली अखंड हालचाल. आणि तीन, चोपडीत चूक होऊ नये, धन्याचे नुकसान होऊ नये, या चिंतेचा मनावरील ताण. तीनशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला खुर्चीवरच्या माणसामागे धनी उभा असलेला दिसत होता. आजच्या आरोग्यलेखात पहिली दोन कारणे शाबूत आहेत. तिसऱ्याचे नाव आता ‘ताणतणाव’ झाले आहे, आणि त्यातून धनी गेला आहे. ताण आहे, तो कोणामुळे आहे हे वाक्यात नाही. आमच्या व्याकरणात अशा रचनेला कर्ता अध्याहृत असलेले वाक्य म्हणतात.

उलट, हा गळालेला धनीच आज उपदेशाचा लेखक होऊन परत आला आहे. पूर्वी हे उपदेश डॉक्टर करत. आता ते व्यवस्थापन करते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ साली ‘वाय-ब्रेक’ नावाचे ॲप आणले. कामाच्या जागी पाच मिनिटांत उरकायची आसने, प्राणायाम, ध्यान. पाच मिनिटांच्या योगाबद्दल माझे भांडण नाही. कोणाची मान मोकळी झाली तर आनंदच आहे. पण उरलेल्या आठ तासांची रचना जो ठरवतो, त्यानेच पाच मिनिटांचे औषध वाटावे आणि त्या आठ तासांविषयी मात्र कोणी बोलू नये, हा प्रकार साधा नाही. एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) प्राध्यापकांनी व कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी दर तासाला दोन मिनिटे उठून चालावे, असे परिपत्रक फिरले. त्याच सत्रात दुसरे परिपत्रक आले : जागा सोडून जाणाऱ्याने ‘हालचाल नोंदवही’त वेळ, ठिकाण व कारण लिहून सही करावी. सरकारी-निमसरकारी कार्यालयांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ही वही ठाऊक असेल. दोन्ही परिपत्रके एकाच फलकावर, एकाच टाचणीला होती. हालचाल करा, आणि हालचालीचे कारण द्या. यावर वेगळे भाष्य करायची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही. सर्वांनी दोन्हींवर सह्या केल्या.

आपल्या व्यवसायाकडेच पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत आठवड्याचा कार्यभार किमान ४० तास, वर्षाला ३० आठवडे, सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापन १६ तास आणि रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्धता, असे गणित मांडले आहे. सोळा तास आपण वर्गात उभे असतो, फळ्याकडे जातो, बाकांमधून फिरतो. उरलेल्या चोवीस तासांचे काय? एकेकाळी त्यांत ग्रंथालयाच्या कपाटांपर्यंत जाणे होते, विद्यार्थ्यांबरोबर कट्ट्यापर्यंत जाणे होते, परीक्षा विभागातून गठ्ठे आणणे होते. आता त्या तासांत मूल्यांकनाचे अहवाल भरायचे, गुणांकनाचे तक्ते भरायचे, तीच माहिती तीन संकेतस्थळांवर तीन नमुन्यांत चढवायची. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत सरसकट लागू केली, तेव्हा रखडलेल्या निकालांवर महाराष्ट्रभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. तपासनिसाच्या मानेविषयी आणि डोळ्यांविषयी मात्र आपल्या संघटनांच्या निवेदनांतही फारसे काही नव्हते. वेतनश्रेणी, थकबाकी, सेवाज्येष्ठता यांवर आपण मोर्चे काढतो. शरीर हा मागणीचा विषय असू शकतो हे आपल्याला सुचत नाही. शरीर ही ज्याची त्याची खाजगी बाब, असे त्या उपदेशपर लेखांनी आपल्याला शिकवून ठेवले आहे.

येथपर्यंत वाचून काही मित्र मान डोलावतील. पुढचे कदाचित त्यांना आवडणार नाही.

‘बसणे म्हणजे नवे धूम्रपान’ ही इंग्रजीतून आलेली घोषणा आपल्याकडे गेल्या काही वर्षांत फार लाडकी झाली आहे. ज्या समाजात कोणी कुठे बसावे हे जन्माने ठरत होते, तेथे ही घोषणा उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसल्याने रोज घरी न्यावे, रोज आणावे लागे. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दलित आत्मकथने आपण अभ्यासक्रमात लावतो. त्यांतल्या आईबापांना पोराने काय व्हावे असे वाटत होते? त्याने ओझे वाहू नये, ढोरे ओढू नयेत, सावलीत बसून लिहावे. त्यांच्यासाठी खुर्ची हे रोगाचे कारण नव्हते, सुटकेचे साधन होते. ज्यांच्या चार पिढ्या गादी-तक्क्यांवर बसल्या त्यांना पाचव्या पिढीत बसण्याचा कंटाळा येऊन टेकडीवर जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण कालपरवा जी माणसे प्रथमच टेबलाशी बसली, त्यांच्या कानांत हीच घोषणा वेगळी वाजते.

आणि आजही ज्यांना बसू दिले जात नाही त्यांचे काय? कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर गिऱ्हाईक असो-नसो उभेच राहावे लागे, स्वच्छतागृहाला जाण्याचीही सोय नसे. त्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१८ साली केरळ सरकारला दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून त्यांच्यासाठी बसण्याची सोय बंधनकारक करावी लागली. तामिळनाडूने तशीच दुरुस्ती २०२१ साली केली. बसण्याच्या हक्काचा कायदा! आपल्या शहरांतल्या कुठल्याही मोठ्या कापडदुकानात किंवा मॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराच्या पायांकडे पाहावे आणि मग ‘उभे राहून काम करण्याचे टेबल’ या नव्या फर्निचराची जाहिरात वाचावी. तासन्‌तास उभे राहणेही पायांच्या शिरांना चांगले नसते, हे ती जाहिरात सांगत नाही. आपल्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी तास घेतात. त्यांची पावले मोजली तर जपानी यंत्र थकेल. त्यांच्या आरोग्याविषयी कोणी परिपत्रक काढल्याचे ऐकिवात नाही. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचे मानधनच नसते.

तेव्हा प्रश्न बसण्याचा किंवा चालण्याचा नाही. आपल्या शरीराने केव्हा बसावे आणि केव्हा उठावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचा आहे. वाहकाला आणि चालकाला, कारकुनाला आणि विक्रेतीला वेगवेगळे रोग होतात, पण त्यांपैकी एकालाही आपली जागा आपल्या मर्जीने सोडता येत नाही.

या टोकापासून दूर जाताना दुसऱ्या टोकाला आपटण्याचा धोका आहे आणि मराठी लेखकांना त्या टोकाची विशेष ओढ आहे. पूर्वीच्या बायका जात्यावर दळत, विहिरीवरून पाणी शेंदत, म्हणून त्या ठणठणीत होत्या. आता मिक्सर आला आणि गुडघे गेले. हे वाक्य आपण किती लेखांत वाचले असेल! येथे साहित्याच्या अभ्यासकाने तरी सावध राहायला हवे, कारण पुरावा आपल्या हाती आहे. जात्यावरच्या ओव्या सानेगुरुजींनी गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली आहे हे आपण शिकवतोच. पण त्या ओव्यांत पहाटेचा शीण आहे, सासुरवास आहे, न सरणारे दळण आहे. गिरणी आली आणि गाणे मुके झाले हे खरे; गिरणी आली म्हणून बाईला तासभर अधिक झोप मिळाली हेही तितकेच खरे. श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. हे वैद्यकालाही अलीकडे दिसू लागले आहे. कामाच्या ठिकाणी जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनतीच्या कामांतल्या पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळला, असे अनेक अभ्यास एकत्र करणारे एक विवेचन २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि गरिबी, व्यसने, आहार यांचा गुंता त्यातून पूर्णपणे सोडवता येणे अवघड आहे. तरी ज्या हालचालीत विसावा आपल्या हाती नाही ती हालचाल शरीराला मानवतेच असे नाही, एवढे त्यातून सुचते. जातेवाल्या आजीबाईला कोणी विचारले असते तर तिने ते अभ्यासाविना सांगितले असते.

आकडे आपल्याकडचेही आहेत. तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील पाहणीवर आधारलेला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा अभ्यास २०१४ साली आला. त्यात निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले आणि करमणूक म्हणून काही शारीरिक हालचाल करणारे दहा टक्केही नव्हते. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने जो जागतिक अंदाज छापला, त्यात भारतातल्या प्रौढ स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी ४२ टक्के पुरेशा हालचालीविना असल्याचे म्हटले आहे. बायकांचा आकडा मोठा का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, “मालिका बघतात.” त्यांच्या शेजारी बसलेल्या बाई साडेपाचला उठून, चौघांचे डबे करून, दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. संध्याकाळी एकटीने फिरायला जाण्याजोगा रस्ता त्यांच्या वसाहतीजवळ नाही. त्या काही बोलल्या नाहीत. वही तपासत राहिल्या.

मराठी भाषेला या साऱ्याची समज फार जुनी आहे. ‘बसणे’ हे आपले क्रियापद पाहा. सहायक म्हणून आले की ते वेळ वाया गेल्याचे सांगते : बोलत बसला, रडत बसला, वाट पाहत बसला. धंदा बसतो, घर बसते, आवाज बसतो. उलट ‘चाल’ धातूतून वाटचाल आली, चालना आली. ‘चळ’पासून चळवळ आली. ‘चालते’ म्हणजे मान्य आहे. भाषेचा कल असा उघड चालण्याकडे असूनही प्रतिष्ठा मात्र बसणाऱ्याकडे गेली. गादीवर बसतो तो धनी, खुर्चीवर बसतो तो साहेब. ज्ञानाच्या क्षेत्रात आपण ‘वैचारिक बैठक’ म्हणतो. विचारांना पाय असल्याचे आपल्या गावी नाही. गंमत अशी, की तोच ‘बैठक’ शब्द तालमीत गेला की घाम काढतो. शंभर बैठका मारणारा पैलवान आणि शंभर बैठका घेणारा प्राचार्य यांना भाषेने एकाच शब्दात बसवले आहे. आणि ‘उठाबशा’? तो व्यायामही आहे आणि शिक्षाही. आपल्यापैकी बहुतेकांची शारीरिक शिक्षणाशी पहिली ओळख कान धरून झाली, याचा परिणाम पुढे आयुष्यभर राहतो असे मला वाटते; पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

साहित्यात बैठ्या माणसाचे शरीर आले ते बहुधा विनोदाच्या दाराने. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधला ‘उपास’ आपण सर्वांनी वाचला आहे. तो वजन कमी करण्याच्या संकल्पाची फजिती म्हणून शिकवला जातो. मला तो पुन्हा वाचताना वाटले, की पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाचे खरे लक्ष्य आहे उपदेश. चाळीतला प्रत्येकजण सल्ला देतो, प्रत्येकाचा सल्ला वेगळा आणि प्रत्येकाची खात्री सारखीच. या लेखात ज्या वाङ्मयप्रकाराविषयी मी बोलतो आहे त्याचे विडंबन तो प्रकार नीट जन्मण्याआधीच मराठीत होऊन गेले होते. फरक इतकाच, की चाळीतले सल्लागार शेजारी होते, त्यांना परतून बोलता येत होते. परिपत्रकाला परतून बोलता येत नाही. आणि श्रमणारे शरीर? त्याला आपल्या समीक्षेने करुणा दिली, गौरव दिला, ‘घामाचे सौंदर्य’ वगैरे शब्द दिले. ज्या शरीरांनी ते भोगले त्यांच्या लेखनाची समीक्षा मात्र आपण बसूनच लिहिली. एकाचे शरीर हसण्याचे, दुसऱ्याचे हळहळण्याचे. दोन्ही शरीरे कामाच्या एकाच व्यवस्थेने घडवली आहेत असे मांडणारी समीक्षा आपल्याकडे फारशी झाली नाही.

हे असेच चालत आले आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. मराठी गद्याचा आरंभच पायांनी झाला. चक्रधरांचे अनुयायी ‘अटन’ हा आचार मानत. म्हाइंभटाने आठवणी सांगणाऱ्या माणसांना गाठून, त्यांच्यापर्यंत जाऊन ‘लीळाचरित्र’ उभे केले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली. दामोदर कोसंबी व्यवसायाने गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला हा माणूस पुण्याभोवतालच्या टेकड्या पायी तुडवून सूक्ष्म पाषाण-हत्यारे वेचत होता, आणि जुन्या व्यापारी वाटांविषयीचे त्याचे तर्क त्या वाटांवरून चालून आलेले आहेत. इरावतीबाई कर्वे पालखीबरोबर चालल्या. ‘वाटचाल’ या त्यांच्या लेखात भक्तीचे कौतुक आहे तसेच एकाच दिंडीत जेवणाच्या पंगती जातवार कशा वेगळ्या राहतात याचे निरीक्षणही आहे. ते घरी बसून झाले नसते. यांतल्या कोणीही ‘फिट’ राहण्यासाठी चालले नव्हते. चालणे त्यांच्या कामाचा भाग होते, कामातून चोरलेली पाच मिनिटे नव्हती.

नेमके हेच आपण गमावले आहे, आणि ते परत मागण्याची संधीही या क्षणी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात जी नवी श्रेयांक-रचना २०२३ पासून लागू होत गेली, तिच्यात क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. मराठी विभागांनी या संधीचे काय केले? बहुतेक ठिकाणी विद्यार्थी ‘आमच्या गावची यात्रा’ या विषयावर महाजालावरून वीस पाने उतरवतात, आपण ती पडद्यावर पाहून गुण चढवतो आणि दोघेही जागचे हलत नाही. ज्या तालुक्यात महाविद्यालय आहे त्या तालुक्यातल्या वीरगळांची, शिलालेखांची, बोलीतल्या शेतीच्या शब्दांची, उरल्यासुरल्या ओव्यांची नोंद त्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे नसते. ती करायची तर आठवड्यातला एक अर्धा दिवस वेळापत्रकात मोकळा हवा, वाहनखर्च हवा, मुलींना सुरक्षितपणे जाता-येता यावे अशी व्यवस्था हवी आणि त्या अर्ध्या दिवसाची गणना कार्यभारात व्हायला हवी. या मागण्या संघटनेच्या निवेदनात वेतनाखालोखाल घालण्याजोग्या आहेत. त्यांच्याच जोडीला कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी प्रवेशाच्या दिवसांत वाढीव माणसे, एकच माहिती एकदाच भरण्याची सोय, ग्रंथालयातली कपाटे वाचकांना खुली, आणि दुकानांतल्या स्त्रियांसाठी केरळसारखी बसण्याच्या हक्काची तरतूद महाराष्ट्रातही. शेवटची मागणी प्राध्यापकांनी का करावी, असे विचारणाऱ्याने आपल्या वर्गातल्या किती मुली संध्याकाळी दुकानात उभ्या राहून फी भरतात हे एकदा विचारून पाहावे.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोवर माणसाने बसूनच राहायचे का, हा प्रश्न मला तरुण सहकाऱ्यांनी विचारला आहे. मुळीच नाही. चालावे. मीही चालतो; तास संपल्यावर मागच्या मैदानाला दोन फेऱ्या मारतो. पण हे चालणे पहाटेच्या झोपेतून किंवा संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेतून कापून घेऊ नये, कामाच्या तासांतच घ्यावे, आणि चोरून घेऊ नये. दर तासाला दोन मिनिटे उठण्याचे परिपत्रक आपल्याकडे आले असेल, तर ते शब्दशः पाळावे. प्रत्येक वेळी हालचाल नोंदवहीत वेळ लिहावी, ठिकाणाच्या रकान्यात ‘मैदान’ आणि कारणाच्या रकान्यात ‘परिपत्रकानुसार चालणे’ असे लिहून, परिपत्रकाचा जावक क्रमांक घालून सही करावी. विभागातल्या सर्वांनी करावी. महिनाअखेर ती वही ज्यांच्यासमोर जाते, त्यांनाही ती बसूनच वाचावी लागते.